अनुभव धागा: ईली, मिनेसोटा – तळी, पोर्टेज आणि खाणी

मिनियापोलिसकडच्या मराठी मंडळींत उन्हाळ्याचे बेत सुरू झाले की ईलीचं नाव निघतंच. गाडीने साधारण साडेचार तास उत्तरेला, पलीकडे कॅनडाची हद्द. गावाला लागून बाउंडरी वॉटर्सचं राखीव जंगल: दहा लाख एकरांहून मोठं, हजारावर तळी. 'निसर्ग अप्रतिम' वगैरे प्रतिसाद नकोत. परवाना, सामान, काय बिघडतं आणि का, ते लिहा.

वल्हेकरी
परवान्यापासून सुरुवात करा, हॉटेलपासून नाही. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात रात्रीच्या मुक्कामाला कोटा असतो. परवाना ठरावीक तारखेचा आणि ठरावीक प्रवेशबिंदूचा. एकदा आत गेलात की कुठेही फिरा, पण शिरायचं त्याच दिवशी, तिथूनच. आरक्षण जानेवारीच्या शेवटी उघडतं आणि मूस लेक, लेक वन, मड्रो हे बिंदू भराभर संपतात. एका गटात जास्तीत जास्त ९ माणसं आणि ४ कनू (वल्ह्याच्या अरुंद होड्या). दहावा मित्र आला तर दुसरा परवाना काढावा लागतो, आणि आत दोन्ही गटांनी एकत्र यायचंच नाही, अगदी जेवायलासुद्धा.
बहुतेकांचं घोडं अडतं ते नावापाशी. ज्याच्या नावावर परवाना तो आजारी पडला तर बाकीच्यांना तो मिळत नाही. म्हणून आरक्षण करतानाच पर्यायी गटप्रमुखांची नावं घाला.

पाणकोंबडी
पोर्टेजचं, म्हणजे दोन तळ्यांमध्ये कनू आणि सामान उचलून चालायच्या वाटेचं, अंतर इथे रॉडमध्ये मोजतात. १ रॉड म्हणजे साडेसोळा फूट, ढोबळ ५ मीटर. नकाशावर '१००' दिसलं की अर्धा किलोमीटर समजा. पण सगळं सामान एका फेरीत जात नसेल तर जा, ये, पुन्हा जा: चाल ३०० रॉड, म्हणजे दीड किलोमीटर. दिवसाची आखणी तळ्यांवरून करणारे इथेच फसतात; ती पोर्टेजवरून करा.
कनू भाड्याने घेताना केवलारचीच (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) घ्या. दोघांची केवलार कनू १९-२० किलोची, अ‍ॅल्युमिनियमची ३२च्या पुढे. मात्र केवलारला खडक सोसत नाही. किनारा आला की कनूचं नाक खडकावर चढवायचं नाही. गुडघाभर पाण्यात उतरायचं, कनू तरंगत असतानाच सामान काढायचं आणि मग उचलायची. चढतानाही तसंच. त्यामुळे बूट भिजणारच. पाणी निथळणारे बूट दिवसा, कोरडे फक्त तंबूपाशी. 'पाय कोरडे ठेवीन' म्हणणारेच कनूला चिरा पाडतात.
उचलताना नवख्यांनी एकट्याने शौर्य दाखवू नये. एकाने पुढचं टोक डोक्यावर धरावं, दुसऱ्याने खाली शिरून मधलं जोखड (आडवी दांडी) खांद्यावर घ्यावं, मग पहिल्याने सोडावं. नाक किंचित वर, नाहीतर वाट दिसत नाही.
मोठ्या तळ्यांवर दुपारी वारा उठतो. लांबचा पट्टा सकाळीच कापा आणि काठाकाठाने जा.

भाजणी
आत टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्यांना बंदी आहे. टिनमधले गुलाबजाम, बरणीतलं लोणचं, दोन्ही बाद. लोणचं प्लास्टिकच्या डबीत भरा. खिचडीसाठी माणशी तांदूळ-मूगडाळ मिळून १०० ग्रॅम, मसाला घरूनच मिसळून पिशव्या. पोहे आणि पिठल्याचं पीठ उत्तम, कारण इंधन कमी लागतं. छोले-राजमा नेऊ नका, स्टोव्हचा गॅस संपतो. पाणी गाळा किंवा खळखळून उकळा, जिआर्डिया हा पोट बिघडवणारा जंतू असतो. भांडी तळ्यात धुवायची नाहीत, काठापासून २०० फूट दूर धुवा.

अस्वलराव
भाजणीताईंनी पुढचं लिहिलं नाही म्हणून. काळी अस्वलं वासावर येतात. खाणंच नव्हे, टूथपेस्ट, साबण, कचरा, सगळं अस्वलरोधक डब्यात, किंवा जमिनीपासून १२ फूट उंच आणि खोडापासून ६ फूट दूर टांगलेलं. तशी फांदी अंधारात सापडत नाही, उजेडातच दोर टाका. खरं तर डबाच घ्या.
आणि जूनमध्ये जाणार असाल तर तोंडावरची जाळी हवीच. काळ्या माश्या आणि डास दोन्ही असतात. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य सर्वांत सुखाचा.

गेरू
वल्ही मारून लगेच घरी पळू नका. नॉर्थ हेगमन तळ्याच्या कड्यावर लाल गेरूची चित्रं आहेत: माणूस, मूस (इथलं मोठं हरीण), आणखी एक प्राणी. इको ट्रेल या रस्त्यावरून ८० रॉडचं पोर्टेज, मग साउथ हेगमन ओलांडून एक छोटं पोर्टेज. दिवसाचा परवाना तिथेच स्वतः भरायचा. ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांसाठी ही जागा पवित्र आहे. हात लावू नका, पाणीही उडवू नका.
गावात डोरोथी मोल्टरचं संग्रहालय आहे. नाइफ लेकवरच्या बेटावर राहून ही बाई कनूवाल्यांना घरची रूट बिअर (बिनदारूचं गोड पेय) पाजायची, तीही हिवाळ्यात तळ्यातून कापून ठेवलेल्या बर्फावर गार केलेली. १९८६ साली ती गेल्यावर तिच्या झोपड्या बर्फावरून गावात आणल्या.
लोखंडाशिवाय मात्र ईली कळत नाही. पायोनियर खाण १९६७ साली बंद पडली; खाणींत पाणी भरून झालेलं मायनर्स लेक गावातच आहे. टॉवर गावाजवळच्या सूडान खाणीत पिंजऱ्यातून २,३४१ फूट खाली नेतात. खाली बारमाही १० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणून जुलैतही स्वेटर. दुरुस्तीसाठी खाण कधी कधी बंद असते, आधी चौकशी करा. खाणकामगारांच्या चुली अजून पेटत्या आहेत: कॉर्निश पास्टी (मांस भरलेली मोठी करंजी) आणि स्लोव्हेनियन पोतीत्सा, म्हणजे अक्रोडाचं सारण गुंडाळलेला गोड पाव. पास्टीत बीफ असतं, न खाणाऱ्यांनी विचारून घ्या.

बिनकॉलर
वाइल्ड राइस, म्हणजे पाण्यात उगवणारं तांदळासारखं धान्य, घेताना रंग बघा. काळा चकचकीत तो शेतातला, शिजायला पाऊण तास. तपकिरी-करडा तो तळ्यातला, हाताने झोडलेला, वीसेक मिनिटांत फुलतो. महाग आहे, पण तोच घ्या.

थंडोबा
हिवाळ्यात कुत्र्यांच्या घसरगाड्यांसाठी जाणाऱ्यांना एवढंच: टॉवरजवळ २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ५१ सेल्सिअस नोंदलं गेलंय. सुती कपडा एकही नको, घाम सुकत नाही. तळ्यावर पायी जायला किमान ४ इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा. ओढ्याच्या तोंडाशी तो पातळ असतो, तिथे जाऊच नका. फोन गावाबाहेर पडताच मुका होतो, आणि थंडीत बॅटरी तासाभरात मरते. आतल्या खिशात, अंगाशी ठेवा.