मदत हवी आहे : बजबज ते बडी संगत, कोमागाता मारूच्या प्रवाशांची अपुरी राहिलेली वाट

सर्वांना सविनय नमस्कार.

मी नांदेडचा रहिवासी असून आमचे कुटुंब शीख आहे. घरात पंजाबी आणि मराठी अशा दोन्ही भाषा बोलल्या जातात, परंतु माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यामुळे मनातले नीट लिहायचे झाले की मराठीच जवळची वाटते. कोलकात्याची माहिती असलेल्या आणि त्यातही हुगळीच्या काठाने फिरलेल्या जाणकारांकडून मला मार्गदर्शन हवे आहे.

माझ्या वडिलांचे वय ८१ आहे. त्यांच्या आजीचे थोरले भाऊ कोमागाता मारू जहाजावर होते, असे आमच्या घरात सांगितले जाते. फाळणीनंतर आजोबा सचखंड हजूर साहिबच्या सेवेसाठी नांदेडला आले आणि येथेच राहिले, त्यामुळे गावाकडच्या आठवणींपैकी फार थोडे आमच्यापर्यंत पोहोचले. त्या थोड्यांत एक गोष्ट वडिलांनी लहानपणी आजीच्या तोंडून वारंवार ऐकलेली आहे. ती म्हणजे तिच्या भावाला कॅनडातून परतावे लागल्याचे दुःख होतेच, पण गुरू ग्रंथसाहिब बरोबर घेऊन कलकत्त्याच्या गुरुद्वाऱ्याकडे निघालेले असताना अर्ध्या रस्त्यातून मागे फिरावे लागले, हे त्याला अखेरपर्यंत सलत राहिले. ती वाट आपण पूर्ण करावी, अशी वडिलांची इच्छा आहे.

ज्यांना हा प्रसंग ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण माझे प्रश्न त्यावरच अवलंबून आहेत. बाबा गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेले हे जपानी जहाज ४ एप्रिल १९१४ रोजी हाँगकाँगहून निघाले. शांघाय, मोजी आणि योकोहामा येथे आणखी प्रवासी घेऊन ते २३ मे रोजी व्हँकुव्हरला पोहोचले, तेव्हा त्यावर ३७६ प्रवासी होते : ३४० शीख, २४ मुस्लिम आणि १२ हिंदू. मायदेशातून थेट, कोठेही खंड न पडता आलेल्यांनाच प्रवेश देण्याचा कॅनडाचा नियम होता आणि हिंदुस्थानातून तसा थेट प्रवास करणे जवळजवळ अशक्य होते, किंबहुना त्यासाठीच तो नियम केलेला होता. दोन महिने जहाज बंदरात अडवून ठेवून, मोजक्या लोकांखेरीज सर्वांना २३ जुलै रोजी युद्धनौकेच्या पहाऱ्यात परत पाठवण्यात आले. प्रवासी या जहाजाला ‘गुरू नानक जहाज’ म्हणत असत. जहाजावर गुरू ग्रंथसाहिबचा प्रकाश (विधिपूर्वक उघडून केलेली स्थापना) होता आणि नित्यनेमाने पाठ चालत असे.

जहाज सप्टेंबरअखेर हुगळीच्या मुखाशी आले तोपर्यंत महायुद्ध पेटले होते. प्रवाशांना कलकत्ता शहरात येऊ न देता २९ सप्टेंबर रोजी सुमारे १७ मैल अलीकडे, तेलाच्या साठ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बजबजला उतरवण्यात आले. तेथे पंजाबला नेण्यासाठी खास गाडी उभी होती. थोडे लोक गाडीत बसले, परंतु बहुतेकांनी नकार दिला आणि गुरू ग्रंथसाहिब मस्तकी घेऊन ते पायी कलकत्त्याकडे निघाले. काही मैल गेल्यावर फौजेने त्यांना अडवून मागे आणले. संध्याकाळी रेल्वेच्या फाटकाजवळ ग्रंथसाहिबभोवती मंडळी बसलेली असताना झटापट झाली आणि गोळीबारात सुमारे २० प्रवाशांना प्राण गमवावे लागले. पुष्कळांना तुरुंगवास घडला. गुरदित सिंग निसटले आणि पुढे १९२१ मध्ये नानकाना साहिब येथे स्वतःहून हजर झाले.

आता माझी अडचण सांगतो. वडिलांना गुडघ्यांच्या त्रासामुळे काठी घेऊन फार तर एक किलोमीटर चालता येते, त्यामुळे बजबजपासून शहरापर्यंत पायी जाणे शक्य नाही. मोटारीने तासाभरात हे अंतर कापावे असे मी सुचवले, तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्यांना ते रुचले नाही हे मला समजले. त्यामुळे नदीच्या शक्य तितके जवळून जाणारा, टप्प्याटप्प्याने थांबता येईल असा आणि शेवटी बडाबाजारातील गुरुद्वारा बडी संगत येथे पोहोचवणारा मार्ग कोणता, हा माझा मुख्य प्रश्न आहे. बडी संगत निवडण्याचे कारण असे की गुरू नानकदेवजी आणि पुढे गुरू तेगबहादुरजी यांच्या चरणांनी ते स्थान पावन झाल्याची परंपरा आहे, आणि जहाजही गुरू नानकांच्याच नावाचे होते. आम्ही ग्रंथसाहिबचे स्वरूप (म्हणजे प्रत्यक्ष ग्रंथ) बरोबर नेणार नाही, कारण त्याची मर्यादा दोन माणसांनी प्रवासात सांभाळणे योग्य होणार नाही. रुमाल्यात गुंडाळलेला नितनेमाचा गुटका, म्हणजे रोजच्या प्रार्थनांची छोटी पोथी, तेवढा वडिलांच्या हाती असेल.

याखेरीज राहण्याची सोय कोठे करावी, २९ सप्टेंबरलाच यावे की थंडीत यावे, आणि आमच्या पूर्वजांचे नाव एखाद्या यादीत शोधता येईल का, हेही कृपया सांगावे. वडील अमृतधारी (दीक्षा घेतलेले शीख) असल्यामुळे त्यांच्याजवळ कृपाण असते, म्हणून विमानाबद्दलही थोडी धास्ती आहे.

प्रतिसाद : हुगळीकाठची

आपला धागा वाचून फार बरे वाटले. आमचे कुटुंब तीस वर्षांपासून कोलकात्यात आहे आणि यजमानांची नोकरी बंदरातच झाली, त्यामुळे आपण म्हणता तो पट्टा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

रस्त्याचा विचार सोडून द्यावा. बजबज ट्रंक रोडवर वाहनांची गर्दी असते, आणि पुढे बाटानगरपासून जिंजिरा बाजारपर्यंतचा उड्डाणपूल लागतो. तेथून ना नदी दिसते, ना वृद्ध माणसाला कोठे टेकता येते. त्याऐवजी बजबजहून सियालदाकडे जाणारी लोकल घ्यावी आणि नुंगी, आक्रा, संतोषपूर, ब्रेस ब्रिज अशी स्थानके मागे टाकत माझेरहाटला उतरावे. तेथून चक्ररेल, म्हणजे शहराला वळसा घालणारी लोकल, मिळते. ही गाडी खिदिरपूरच्या गोदी भागातून निघून प्रिन्सेप घाटापासून अगदी नदीला लागून धावते, आणि बाबूघाट, बीबीडी बाग करत हावडा पुलाजवळच्या बडाबाजार स्थानकात येते. बडी संगत तेथून फार लांब नाही. बडाबाजारच्या गर्दीत हातगाड्या आणि हमाल यांच्यामधून वडिलांना चालवू नये, रिक्षा करावी, आणि शेवटचा थोडा भाग तेवढा पायी जावे. चक्ररेलच्या फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून आदल्या दिवशी माझेरहाटला वेळ विचारून घ्यावी.

बजबजला कोमागाता मारूचे स्मारक आहे. पंडित नेहरूंनी १ जानेवारी १९५२ रोजी त्याचे उद्‌घाटन केले होते, आणि त्याचा आकार आकाशाकडे उंचावलेल्या कृपाणासारखा आहे. २०१३ पासून बजबज स्थानकाच्या नावालाही कोमागाता मारू जोडलेले आहे, त्यामुळे फलकावर ते नाव वाचून वडिलांना समाधान वाटेल.

राहण्यासाठी हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात चौकशी करावी. भवानीपूरचा हरीश मुखर्जी रोडवरील गुरुद्वारा तेथून जवळ आहे आणि त्या भागात पंजाबी वस्ती जुनी आहे. तेथून बजबजला जाताना सियालदापर्यंत उलटे जाण्याचे कारण नाही, टॉलीगंज स्थानकावरून तीच लोकल मिळते.

सप्टेंबरअखेर येथे पाऊस पूर्ण गेलेला नसतो आणि दमट उकाड्याने चांगली धडधाकट माणसेही थकतात. दुर्गापूजा त्या सुमारास आली तर गर्दीत वडिलांचे हाल होतील. मी असते तर डिसेंबर निवडला असता, परंतु त्या तारखेचे मोल आपल्यालाच अधिक ठाऊक आहे.

प्रतिसाद : जुने दप्तर

यादीसंबंधी लिहितो. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने कोमागाता मारूची कागदपत्रे संकेतस्थळावर ठेवली असून त्यांत प्रवाशांची यादीही आहे. मात्र नुसत्या नावावर विसंबू नये. एकाच नावाचे अनेक सिंग सापडतात आणि इंग्रज कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले असते. पूर्वजांचे गाव, जिल्हा आणि शक्य तर वडिलांचे नाव हाताशी असेल तरच ओळख पटू शकते, म्हणून आधी पंजाबातील नातेवाइकांकडून एवढे मिळवावे. बजबजच्या घटनेनंतर सरकारने चौकशी समिती नेमली होती, तिचा अहवाल अवश्य पाहावा. तो सरकारी बाजूनेच लिहिलेला आहे हे ध्यानात ठेवून वाचला, तरी कोण कोठे अडवले गेले याचा क्रम त्यातून कळतो.

देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला कृपाण नेता येते. तिची एकूण लांबी ९ इंचांपेक्षा आणि पात्याची लांबी ६ इंचांपेक्षा अधिक नसावी. निघण्यापूर्वी घरीच मोजून घ्यावी, म्हणजे तपासणीच्या रांगेत वडिलांना अवघडल्यासारखे होणार नाही. तरीही माझे मत रेल्वेच्या बाजूने आहे. नांदेडहून संत्रागाछीला साप्ताहिक गाडी आहे आणि संत्रागाछी म्हणजे हावड्याच्या अलीकडचेच स्थानक.

धागाकर्ता

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. ताई, आपण लिहिलेला मार्ग मी वडिलांना वाचून दाखवला. गाडी नदीच्या काठाकाठाने जाते हे ऐकल्यावर त्यांनी तो भाग पुन्हा वाचायला सांगितला. तारखेसंबंधी त्यांचे म्हणणे असे की अरदास (प्रार्थना) कोणत्याही दिवशी पोहोचते, त्यामुळे आम्ही डिसेंबरमध्ये आणि रेल्वेनेच येऊ. पूर्वजांच्या गावाचे नाव आम्हाला माहीत आहे, त्यांच्या वडिलांचे नाव विचारण्यासाठी पंजाबात तरनतारनला नातेवाइकांना पत्र पाठवले आहे.

एक शंका उरते. गोळीबार संध्याकाळी झाला होता, म्हणून त्या जागी रहिरासचा (संध्याकाळच्या प्रार्थनेचा) पाठ करावा असे वडिलांच्या मनात आहे. परंतु पाठ आटोपून निघालो तर अंधार होईल, चक्ररेल मिळेल की नाही याची खात्री नाही, आणि काळोखात त्यांना नदीही दिसणार नाही.

प्रतिसाद : हुगळीकाठची

दोन दिवस करावेत. पहिल्या दिवशी दुपारच्या लोकलने बजबजला यावे, ऊन उतरल्यावर स्मारकापाशी बसून निवांतपणे रहिरास म्हणावी आणि मोटारीने हाजरा रोडला परतावे. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पुन्हा बजबजला जावे आणि तेथून आपली खरी वाट सुरू करावी. डिसेंबरात पाच वाजताच अंधारू लागते, हे नांदेडच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही, म्हणून पहिल्या दिवशी चारच्या आत पोहोचावे. माझेरहाटला फलाट बदलताना जिने चढावे लागतात. तेथे मी आणि यजमान दोघेही येऊन थांबू. आपली तारीख ठरली की व्यक्तिगत निरोपातून कळवावी.