इरिव्होकेबली म्हणजे नुसतं 'कायमचं' नाही

'इरिव्होकेबली' (irrevocably) या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'कायमचं' असा सांगतात, ते ढोबळमानाने चालेल, पण नेमकी गंमत त्यात निसटते असं मला वाटतं. परमनंटली म्हणजे काहीतरी टिकून राहणं, पण परमनंट नोकरीही जातेच की! इरिव्होकेबलीमध्ये परतीचे दोर कापलेले असतात. मूळ लॅटिन धातू 'हाक मारणं' या अर्थाचा, म्हणजे परत बोलावता न येण्याजोगं, म्हणून दिलेला शब्द, हक्क, संमती, राजीनामा असल्या माणसाने दिलेल्या गोष्टींशी तो जास्त शोभतो. मेंदूच्या पेशी मेल्या, बर्फाचा थर वितळून गेला, तिथे इरिव्हर्सिबली (पूर्ववत न होण्याजोगं) बरं, कारण तिथे कुणी काही 'मागे घेणं' हा प्रश्नच नसतो.

उत्तम उदाहरण युरोचं. ३१ डिसेंबर १९९८ ला युरो स्वीकारणाऱ्या देशांच्या चलनांचे युरोशी दर 'इरिव्होकेबली' ठरवले, १ युरो म्हणजे १.९५५८३ जर्मन मार्क, आणि पुढे बाजार काहीही म्हणो त्या आकड्याला हात लावायचा नाही. बँकेच्या इरिव्होकेबल लेटर ऑफ क्रेडिटमध्येही (विक्रेत्याला पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) तेच, एकदा दिलं की विक्रेत्याच्या संमतीशिवाय बँकेला रद्द करता येत नाही.

बाकी कथा-कादंबऱ्यांत 'इरिव्होकेबली चेंज्ड' सर्रास येतं, ते चूक नाही, फक्त जरा नाटकी. आणि हो, उच्चारात जोर 'रे' वर, साधारण इ-रे-व्हकब्ली, आपण सगळे 'व्हो' वर देतो ती गोष्ट वेगळी :)