वीज-नळ नसलेल्या केबिनमध्ये आईबाबांना नेऊ का? (नॉर्वे)

ओस्लोवासी: ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन डीएनटी या नॉर्वेतल्या ट्रेकिंग संघटनेच्या सेल्फ-सर्व्हिस केबिनमध्ये राहायचं मनात आहे. बाबांचे गुडघे दुखतात. पाणी, संडास, चहा यांचं काय?

बर्गनकर: जरूर न्या. चहाची काळजी सोडा, गॅसची शेगडी आणि भांडी असतात. कोठीत डबाबंद जेवणही असतं. घेतलेल्याची नोंद करून पैसे भरायचे, सगळा विश्वासाचा मामला. डीएनटीची किल्ली मात्र निघण्याआधीच घ्या.

पाणी ओढ्यातून किंवा तळ्यातून बादलीने आणायचं. ते काम तुम्ही करा, बाबांना उतारावर पाठवू नका. आंघोळ विसरा, गरम पाण्यात टॉवेल पिळून अंग पुसायचं.

खरा प्रश्न संडासचा. बसायला कमोडसारखंच असतं, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. बऱ्याच ठिकाणी वर थर्माकोलची बैठक असते, थंडीतही गार लागत नाही. पण तो कोरडा संडास आहे. तांब्याने पाणी ओतलं की दुर्गंधी वाढते, म्हणून कागदच वापरा. हे आईबाबांना घरीच नीट समजावून सांगा, तिथे ऐनवेळी त्यांना अवघडल्यासारखं होतं. बहुतेकदा तो बाहेर असतो, तेव्हा डोक्याला लावायची बॅटरी हवीच.

मुक्ता_ट्रॉन्डहाइम: झोपायला चादरीची पिशवी न्या, ती लागतेच. निघताना झाडून-पुसून घ्या आणि पुढच्यांसाठी लाकडं फोडून ठेवा.

ओस्लोवासी: बाहेरचा संडास दारापासून किती लांब?

बर्गनकर: केबिनगणिक वेगळं. काही ठिकाणी त्याच इमारतीत असतो, तशीच केबिन निवडा.