एनएफएलचा सगळ्यात भारी क्वार्टरबॅक कोण? टॉप पाच सांगा, नुसतं ब्रेडी ब्रेडी नको

गंगावेस_कट्टा

भावांनो, एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, तिची फायनल म्हणजे सुपर बोल, आणि आमच्या ग्रुपात ह्या सुपर बोलपासनं जे भांडण लागलंय ते काय मिटंना. सोमवारी पहाटे पाचला सगळी एकत्र जमून मॅच बघितली, मॅच संपली, मिसळ खायला बसलो आणि एकानं विषय काढला की आजवरचा सगळ्यात भारी क्वार्टरबॅक कोण, झालं, तिथनं जे सुरू झालंय ते अजून चालूच हाय. एकजण म्हणतोय ब्रेडी कारण सात सुपर बोल, विषय संपला. दुसरा म्हणतोय महोम्ससारखा हात कुणाचाच नाही. तिसरा पेटन मॅनिंगचा फॅन हाय, तो तर कुणाचं ऐकूनच घेत नाही. आम्ही सगळी कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील-खंडोबा ह्या फुटबॉल टीमांच्या मॅचेस बघत मोठी झालेली पोरं, आपल्या टीमसाठी घसा फोडायला कुणी मागं सरत नाही, पण मला खरंच समजून घ्यायचंय. ट्रॉफ्या मोजायच्या का यार्ड मोजायचे का अजून काय? ज्यांनी जुन्या मॅचेस बघितल्यात त्यांनी टॉप पाच लिहा आणि का ते पण लिहा. जरा सोपं लिहा, माझी बहीण पण वाचणार हाय, तिला नियम माहीत नाहीत.

निकालीवाला

आधी मोजायचं कसं ते ठरवू, नाहीतर यादीला अर्थच नाही. खासबागेत गुणांवर सुटलेल्या कुस्तीला टाळ्या पडतात, पण घरी जाताना माणसं बोलतात ती निकाली कुस्तीबद्दल, पाठ लागली का नाही एवढंच. माझी यादी तशी हाय. प्रश्न एकच: टीम अडचणीत हाय, घड्याळात दोन-चार मिनिटं उरलीत, हरलो तर सीझन खलास, मग बॉल कुणाच्या हातात देणार?

ताईंसाठी थोडक्यात. ११ विरुद्ध ११, मैदान १०० यार्ड, चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं गेलं की परत चार मिळतात (ह्याला फर्स्ट डाऊन म्हणतात), नाही गेलं तर बॉल समोरच्याला. बॉल बहुतेक वेळा आधी क्वार्टरबॅककडं येतो, आणि सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर धावून येत असताना त्याला साधारण तीन सेकंदांत ठरवायचं असतं की कुणाला टाकायचा. बॉल समोरच्या टोकापलीकडं नेला की टचडाऊन, त्याला सहा गुण, लाथ मारून खांबांमधनं घातला तर फील्ड गोल, त्याला तीन. एवढं पुरे.

पाचव्या नंबरवर ईलाय मॅनिंग, पेटनचा धाकटा भाऊ, आणि इथंच निम्मी माणसं माझ्यावर तुटून पडणार मला माहीत हाय. साध्या सीझनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या (बाद फेरीच्या) आधीच्या मॅचेसमध्ये, त्यानं ११७ जिंकल्या आणि ११७ हरल्या, बरोब्बर निम्म्या. पण फेब्रुवारी २००८ च्या सुपर बोलला ब्रेडीची टीम पेट्रियट्स १८ पैकी १८ जिंकून आलेली, सगळ्या अमेरिकेनं ट्रॉफी त्यांना देऊन टाकलेली, ईलायची टीम जायंट्स १४-१० नं मागं, आणि हा गडी तिघांच्या तावडीतनं कसा सुटला ते अजून कळत नाही, शर्ट ओढलेला असताना निसटला आणि लांब फेकला, डेव्हिड टायरीनं तो बॉल स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला! ३५ सेकंद असताना टचडाऊन, १७-१४. चार वर्षांनी परत तीच पेट्रियट्स, परत मागं, परत शेवटचा ड्राइव्ह (म्हणजे बॉल घेऊन टीमला पुढं नेत जाणं), २१-१७. ह्या दोन्ही वेळेला त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. अशा माणसाला यादीबाहेर मी तरी ठेवणार नाही.

चौथा जॉन एल्वे. जानेवारी १९८७, क्लीव्हलँडच्या मैदानावर, सात गुणांनी मागं, साडेपाच मिनिटं बाकी आणि बॉल स्वतःच्या २ यार्ड लाइनवर, म्हणजे समोर ९८ यार्ड आणि कानात हजारो लोकांचा आरडाओरडा. गेला की हो गडी सगळे ९८ यार्ड! ओव्हरटाइमला जिंकले. त्यानंतर तीन सुपर बोल हरला, लोक म्हणायला लागले ह्याच्या नशिबातच नाही, आणि सदतिशीत पहिला जिंकला, त्यात एका फर्स्ट डाऊनसाठी हवेत उडी मारली आणि दोन्ही बाजूनं धडक बसून गरागरा फिरला. पुढच्या वर्षी दुसरा जिंकला आणि घरी गेला. नाद खुळा.

तिसरा महोम्स. जानेवारी २०२२ ची बिल्सविरुद्धची मॅच ज्यानं बघितली नाही त्यानं आज रात्री बघावी. १३ सेकंद उरलेत, तीन गुणांनी मागं. १३ सेकंदांत आपली बुटाची लेस बांधून होत नाही. ह्यानं दोन पासमध्ये ४४ यार्ड काढले, फील्ड गोल, बरोबरी, ओव्हरटाइमला ४२-३६. बिचारा बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन, जन्मातली सगळ्यात भारी मॅच खेळला आणि ओव्हरटाइममध्ये त्याच्या हाताला बॉलच लागला नाही. त्या मॅचनंतर प्लेऑफचा ओव्हरटाइमचा नियम बदलला, आता दोन्ही टीमना बॉल मिळतो.

दुसरा ब्रेडी. होय, दुसरा. आणि पहिला जो मोंटाना. चार सुपर बोल खेळला, चारही जिंकला, त्या चारांत मिळून १२२ पास टाकले आणि एकही, एकही समोरच्याच्या हातात गेला नाही. जानेवारी १९८९ ला बेंगॉल्सविरुद्ध तीन गुणांनी मागं, तीन-सव्वातीन मिनिटं बाकी, ९२ यार्ड जायचंय, टीममेट टेन्शनमध्ये आणि हा त्यांना म्हणतोय ते बघा प्रेक्षकांत जॉन कँडी बसलाय! जॉन कँडी म्हणजे त्या वेळचा विनोदी नट. मग शांतपणे ९२ यार्ड गेला आणि ३४ सेकंद ठेवून टचडाऊन दिला. मला तो क्षण जगात भारी वाटतो.

आता पेटन आणि ब्रेट फार्व्ह का नाहीत? जानेवारी २०१० ला फार्व्हची व्हायकिंग्ज आणि सेंट्स बरोबरीत, शेवटचे काही सेकंद, फील्ड गोलच्या टप्प्याच्या जवळ असताना फार्व्हनं पळता पळता उलट्या बाजूला बॉल फेकला आणि सेंट्सच्या ट्रेसी पोर्टरनं पकडला. दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये पेटन बरोबरीसाठी निघालेला, त्याचाही पास ट्रेसी पोर्टरनंच पकडला आणि ७४ यार्ड पळत जाऊन टचडाऊन केला. एकाच माणसानं पंधरवड्यात दोन महान खेळाडूंचा सीझन संपवला.

पावणेपाचचा_अलार्म

निकालीवाले भाऊ, लिहिलंय झकास पण ब्रेडी दुसरा हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही. मोंटाना फायनलला पोचल्यावर हरला नाही हे खरं, पण ज्या वर्षी पोचलाच नाही त्या वर्षांचं काय? जानेवारी १९८७ ला जायंट्सनी ४९-३ नं धुतलं त्याच्या टीमला, मोंटानाला तर मॅच अर्ध्यात सोडून जावं लागलं. फायनलपर्यंत जायचा रस्ता पण निकालीच असतो की. ब्रेडी दहा फायनल खेळला. दहा! बऱ्याच टीमना सगळ्या इतिहासात मिळून एवढ्या बघायला मिळाल्या नाहीत. ड्राफ्टमध्ये (टीम नवीन खेळाडू निवडतात त्यात) १९९ वा निवडलेला पोरगा, म्हणजे त्याच्याआधी १९८ जण निवडले गेले, पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून टीममध्ये आला आणि त्याच सीझनच्या सुपर बोलमध्ये १७-१७ असताना, ८१ सेकंद बाकी, टाइमआउट एकही नाही, टीव्हीवर जॉन मॅडन सांगतोय की आता वेळ काढा आणि ओव्हरटाइमला जावा, आणि ह्यानं टीम पुढं नेऊन ठेवली आणि किकर विनाटिएरीनं ४८ यार्डावरनं फील्ड गोल घातला. मॅडन म्हणजे स्वतः सुपर बोल जिंकलेला कोच, त्याला पण पटवलं पोरानं. आणि फाल्कन्सविरुद्धच्या सुपर बोलला २८-३ नं मागं असताना ३४-२८ नं जिंकला ते? तिसऱ्या क्वार्टरला आमच्या घरातले सगळे उठून आंघोळीला गेले होते, मी एकटाच बसून होतो, आणि ती मॅच बसून बघितल्याचा मला आजपण अभिमान हाय. ४३ व्या वर्षी सातवा जिंकला. पहिला नंबर त्याचाच.

पेठेची_पोरगी

पेटनवर अन्याय झालाय आणि तो पण ह्याच कसोटीवर. जानेवारी २००७, एएफसी फायनल, म्हणजे सुपर बोलच्या आधीची मॅच, समोर ब्रेडी, पेटनची कोल्ट्स २१-३ नं मागं. तिथनं परत आले, मग शेवटी ३४-३१ नं मागं, सव्वादोन मिनिटं, ८० यार्ड. पेटननं एका मिनिटाच्या वर वेळ ठेवला नाही, ३८-३४. मग उरलेल्या मिनिटात ब्रेडीला संधी होती, त्याचा पास कोल्ट्सच्या मार्लिन जॅक्सननं पकडला. म्हणजे एकाच मॅचमध्ये शेवटची दोन मिनिटं दोघांना मिळाली आणि कोण जिंकलं ते सगळ्यांना दिसलं. ईलायला काढा आणि मोठ्या भावाला घ्या.

रंकाळा_वॉकर

सगळी तरुण मंडळी दिसताय म्हणून दोन नावं घालतो. एक जॉनी युनायटस. हे शेवटच्या दोन मिनिटांचं शास्त्र ज्यानं सगळ्या अमेरिकेला दाखवलं तो हा माणूस. १९५५ ला स्टीलर्सनी काढून टाकलं, मग बांधकामावर काम करत मॅचला सहा डॉलरवर खेळायचा. तीन वर्षांत कोल्ट्सला फायनलला नेलं. १९५८ ची फायनल, दोन मिनिटांच्या आत वेळ, स्वतःच्या १४ यार्डावरनं निघाला, टीममेट रेमंड बेरीला लागोपाठ तीन पास, सात सेकंद असताना बरोबरी आणि मग सडनडेथमध्ये (जो आधी गुण करेल तो जिंकला) जिंकले. एनएफएल फायनलमधली ती पहिली सडनडेथ. आणि लक्षात घ्या, आज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, युनायटस मैदानात उभा राहून स्वतः प्ले, म्हणजे पुढचा डाव, ठरवायचा. मला त्याच्या डोक्याचं जेवढं कौतुक आहे तेवढं कुणाच्या हाताचं नाही.

दुसरा डॅन मरिनो. एकही सुपर बोल नाही म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही हे मला फार लागतं. १९८४ ला ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन, ज्या काळात डिफेन्सवाले रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) आजच्यापेक्षा कितीतरी जास्त हाणायचे. टचडाऊनचा विक्रम २००४ पर्यंत टिकला, यार्डांचा २०११ पर्यंत. आणि निकालीच पाहिजे असेल तर नोव्हेंबर १९९४, जेट्सविरुद्ध. २४-६ नं मागं पडून परत आलेला, तीन गुण कमी, सगळ्यांना वाटलं आता बॉल जमिनीवर आपटून घड्याळ थांबवणार, हातानं खूण पण तशीच केली, जेट्सवाले सैल पडले आणि ह्यानं कोपऱ्यात टचडाऊन फेकला. २२ सेकंद बाकी!

निकालीवाला

काका, युनायटससमोर मी हात जोडतो, सुपर बोलच्या आधीच्या काळाची यादी वेगळी केली तर तिथं तोच पहिला. मरिनोची ती मॅच साध्या सीझनची होती, सीझन पणाला लागलेला नव्हता. पेठेची पोरगी, २००७ ची मॅच सोन्यासारखी हाय, पण ईलायनं तेच दोनदा केलं आणि दोन्ही वेळा सुपर बोलमध्ये, त्यामुळं धाकटा जागेवर राहणार. आणि अलार्मवाले भाऊ, २०१८ ची ईगल्सविरुद्धची फायनल आठवा, ब्रेडीनं ५०५ यार्ड टाकले, कमाल खेळला, पण पाच गुणांनी मागं आणि सव्वादोन मिनिटं बाकी असताना ब्रँडन ग्रॅहमनं हातातनं बॉल उडवला. मोंटानाच्या चार फायनलमध्ये असला क्षण शोधून दाखवा.

पावणेपाचचा_अलार्म

चारच खेळला की हो तो!! दहा खेळला असता तर सापडला असता.

गंगावेस_कट्टा

लई भारी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. बहिणीनं सगळं वाचलं आणि ती थेट ईलायची फॅन झाली, म्हणजे ग्रुपात आता चौथी पार्टी. रविवारी सगळ्यांना घरी बोलावतोय, आधी १९८९ चा मोंटानाचा ड्राइव्ह, मग २८-३ ची मॅच चौथ्या क्वार्टरपासनं, मग २००७ ची कोल्ट्स-पेट्रियट्स पूर्ण. काका, तुम्ही पण या, १९५८ चं जे काय फुटेज मिळेल ते काढून ठेवतो.