अनुभव धागा : वापरलेली सुई टोचली तेव्हा

रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाचे काम पाहताना, नोंदवहीत आलेल्या सुईच्या जखमांपेक्षा नोंदवहीपर्यंत न पोचलेल्या जखमांची मला अधिक काळजी वाटते. म्हणून परिचारिका, डॉक्टर, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, सफाई कर्मचारी आणि रुग्ण या सर्वांना विनंती आहे, की अशा प्रसंगानंतर काय घडले ते सविस्तर लिहावे. रुग्णालयाचे किंवा व्यक्तीचे नाव मात्र देऊ नये. बाधित रक्ताची सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असते, हिपॅटायटिस सीची ३ टक्क्यांपर्यंत आणि एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. लोकांना वाटणारी भीती नेमकी याच्या उलट क्रमाने असते, आणि ज्या आजाराचा धोका सर्वांत मोठा त्याच्यावरच खात्रीची लस आहे, हे फार थोडे जण लक्षात घेतात.

स्टाफ नर्स, जिल्हा रुग्णालय, विदर्भ

रात्रपाळीत, अपघात विभागात, सलाईन लावत असताना रुग्णाने हात झटकला आणि रक्ताने माखलेली सुई माझ्या डाव्या तर्जनीत शिरली. इन्चार्ज सिस्टरांनी मला तिथल्या तिथे कामावरून बाजूला केले. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट लावू नका, फक्त साबण आणि वाहते पाणी, असे त्या शांतपणे सांगत राहिल्या. एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणारे केंद्र, सकाळीच उघडते. परंतु एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्यांचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यायचा असतो आणि ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही, म्हणून आमच्याकडे या गोळ्या अपघात विभागातच ठेवलेल्या असतात. रुग्णाच्या रक्ताच्या तपासणीसाठी त्याच्या नातेवाइकांची नव्हे, तर त्याची स्वतःची संमती डॉक्टरांनी घेतली. तपासणीत एचआयव्हीचे निदान झाले.

पुढचे २८ दिवस रोज एक गोळी घ्यायची होती. त्यात तीन औषधे एकत्र असतात आणि मला तिचा फारसा त्रास झाला नाही. त्रास झाला तो घरी. सासूबाई विचारत, “या कसल्या गोळ्या?” नवऱ्याला सगळे माहीत होते, काळजी कशी घ्यायची तेही समुपदेशकांनी दोघांना बसवून सांगितले होते, तरीही जेवताना आमच्यात बोलणे होत नसे. सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तपासण्या झाल्या. सर्व निगेटिव्ह आल्या. या काळात मला रजेपेक्षा अधिक गरज होती ती कुणीतरी रोज “कशी आहेस गं?” असे विचारण्याची, आणि ते इन्चार्ज सिस्टरांनी न चुकता विचारले.

इंटर्न, पुणे

माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. रक्त घेताना सुई टोचली, तेव्हा वरिष्ठांनी “काही होत नाही, हात धू आणि पुढचे सँपल घे” असे सांगितले. नोंद करायची कुठे, हे वॉर्डात कुणालाच ठाऊक नव्हते. शेवटी एका मावशींनी मला योग्य खोली दाखवली.

धागालेखिका : आपण हिपॅटायटिस बीचे तीनही डोस घेतले असतील, तरी अँटिबॉडीचे प्रमाण तपासून घ्यावे, ते १० (mIU/mL) किंवा त्याहून अधिक असेल तर या आजाराची चिंता उरत नाही.

एक रुग्ण, मुंबई

मी एचआयव्हीसह जगतो. शस्त्रक्रियेच्या वेळी माझ्या फाईलवर लाल शाईने मोठी खूण केली होती आणि तिचा अर्थ शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही कळत होता. वास्तविक मी औषधे नियमित घेतो आणि माझ्या रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता न येण्याइतके कमी आहे. ज्यांची तपासणीच झालेली नाही, त्यांच्याबाबत सिस्टर निर्धास्त होत्या. प्रत्येकाचे रक्त बाधित समजून हातमोजे घालावेत, सुईला पुन्हा टोपण लावू नये, ती लगेच हब कटरने कापून पांढऱ्या डब्यात टाकावी, एवढे केले तर त्यांचे रक्षण होते आणि माझी अब्रूही राहते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने कर्मचाऱ्यांना सुरक्षित कामाची जागा आणि आम्हाला गोपनीयता, असे दोन्ही हक्क दिले आहेत.

कचरा वर्गीकरण करणाऱ्या महिलेची मुलगी, नाशिक

आई सांगते तसे लिहिते आहे. ती रुग्णालयात काम करत नाही, पण ओल्या कचऱ्यात भाजीच्या देठांबरोबर इन्सुलिनच्या सुया येतात आणि पातळ हातमोज्यांतून त्या टोचतात. तिच्यासाठी नोंदवही नाही की इन्चार्ज सिस्टर नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीच घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या होत्या, हे सोसायटीतल्या लोकांना ठाऊक नाही. जाड प्लास्टिकच्या बाटलीत सुया भरून, झाकण घट्ट लावून, वर ‘सुया’ असे लिहून ती वेगळी द्यावी, एवढेच तिचे मागणे आहे.

धागालेखिका : आईंना पुन्हा सुई टोचली तर वेळ न दवडता सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे आणि “कचऱ्यातली वापरलेली सुई टोचली” असे स्पष्ट सांगावे, धनुर्वाताचे इंजेक्शन, हिपॅटायटिस बीची लस आणि एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या यांपैकी कशाची गरज आहे, हे डॉक्टर ठरवतील. पुन्हा सुई टोचण्याची वाट न पाहता हिपॅटायटिस बीच्या लसीचा पहिला डोस आताच घ्यावा. दुसरा एका महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी असतो. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या इतर महिलांनाही हे जरूर सांगा.