बैठकीचं रेकॉर्डिंग: तबला फाटतो, तानपुरा गायब

षड्जवेडा: आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर महिन्याला गाण्याची बैठक असते. गायकांची परवानगी घेऊन झूम एच१एन या छोट्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड करतो. आलापी सुरेख येते, पण तबला सुरू झाला की समेवर आवाज फाटतो आणि तानपुरा बुडतो. ऑटो लेव्हल (आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोय) चालूच आहे, मग असं का?

डग्गा: चालू आहे म्हणूनच! आलापीत ते आवाज चढवून ठेवतं. मग पहिली थाप फाटते आणि पाठोपाठ सगळंच धाडकन खाली येतं, तानपुऱ्यासकट. बंद करा. बैठकीआधी तबलजींना दणकून वाजवायला सांगा आणि सर्वांत मोठी थाप रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल लावा. रेकॉर्डिंगचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. फाइल तासाला साधारण १ जीबी. लो कट (पंख्याच्या घरघरीसारखे खालचे आवाज कापणारी सोय) नको, डग्ग्याचा घुमारा मरतो. त्यापेक्षा पंखा बंद करा. श्रोते कुरकुरतील, कुरकुरू देत.

सूरपेटी: रेकॉर्डर ठेवता कुठे?

षड्जवेडा: हार्मोनियमवर.

डग्गा: अहो, मग भात्याची धाप नि पट्ट्यांची खटखटच येणार! ट्रायपॉडवर लावा, गायकासमोर पाच-सहा फुटांवर. पहिल्या रांगेतल्या ‘क्या बात है’वाल्या काकांपासून मात्र लांब.