ड्रोनने उंच भिंत रंगवायची आहे, मोठ्या मोटारी घेऊ का?

प्रश्न (देवगड)
बाबा 30 वर्षं रंगकाम करतायत. गेल्या मे महिन्यात परांचीचा बांबू सरकला आणि ते पडले. पाय जुळला, पण आता ते वर चढले की मला खाली उभं राहवत नाही. म्हणून कॉलेजात जोडलेला ड्रोन, 450 मिमीच्या फ्रेमचा, बाहेर काढला. 400 मिलीचा स्प्रेचा डबा आणि नोझल दाबायला सर्वो (छोटी मोटार) लावून आमच्या चिऱ्याच्या गडग्यावर (जांभ्या दगडाच्या कुंपणभिंतीवर) फवारून बघितलं. पट्टा उमटला, पण कडा धुरकट, आणि बराचसा रंग खालच्या अबोलीवर. भिंतीजवळ ड्रोन डुलतोही. यावर 2 लिटर इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) कसं उचलायचं?

उत्तर (रत्नागिरी)
रंग वर नेऊच नका. 2 लिटर म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलो, तेही डब्यात हिंदकळणारे. एअरलेस पंप (हवेशिवाय, नुसत्या दाबाने रंग फवारणारा) जमिनीवर ठेवा, वर फक्त नळी आणि गन. 6 मिमी पोकळीच्या 10 मीटर नळीत रंगच पावणेचारशे ग्रॅम मावतो, नळीचं वजन वेगळं. म्हणजे फ्रेम मोठी लागेलच. पण खरी गोची रेट्याची आहे. 150 बारला मिनिटाला 1 लिटर सोडलात तर ड्रोनला मागे सुमारे 350 ग्रॅमचा रेटा बसतो. गन सुरू झाली की तो मागे जाणार, बंद झाली की भिंतीवर. गनचा सिग्नल फ्लाइट कंट्रोलरलाही (ड्रोनचा तोल सांभाळणाऱ्या सर्किटला) द्या, म्हणजे तो त्याच क्षणी पुढे झुकेल. अंतर लिडारने (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरने) मोजा, भिंतीलगत जीपीएसवर विसंबू नका. नोझल कार्बनच्या दांडीवर पंख्यांच्या पुढे काढा. धुरकट कडा पंख्यांच्या वाऱ्याने येतात.

उत्तर (मालवण, रंगारी)
मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा) थांबते आणि समुद्रावरचं खारं वारं अजून सुटलेलं नसतं, तेवढ्या वेळातच उडवा. आणि चिऱ्यावर पहिला हात ब्रशनेच मारा, भोकं फवाऱ्याने भरत नाहीत. गिलाव्याच्या भिंतीवर मात्र तुमचं यंत्र चालेल. शेवाळ धुवायला तर आजच द्या, त्यातच माणसं घसरतात.

उत्तर (रत्नागिरी)
हो, धुण्यापासूनच सुरुवात करा. एक राहिलं: 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनची नोंदणी लागते, आणि पैसे घेऊन काम करायचं किंवा वजन 2 किलोच्या वर गेलं तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही.

प्रश्नकर्ता
रविवारी सकाळी पडवीच्या भिंतीवर नुसतं पाणी मारून बघतो. नळी बाबा धरणार आहेत, जमिनीवर उभे राहून.